वाहवा पुरे, मुलांना मैदान द्या!

उन्हाळ्याच्या सुटीत महाराष्ट्रातून कुंभकोणमला जाणाऱ्या प्रवाशांची वाट ठरलेली असते. आदिकुंभेश्वर, सारंगपाणी, महामहम् तलाव आणि मग तंजावरचा भोसल्यांचा राजवाडा. परतताना एखाद्या गावाबाहेर, कापणी झालेल्या कोरड्या शेतात रेषा आखून मुले ‘सडुगुडु’ खेळताना दिसतात. महाराष्ट्राचा हुतुतू तो हाच. प्रवासी घटकाभर थांबतो, ‘मातीतला अस्सल खेळ’ अशी वाहवा करतो आणि पुढे जातो.

या वाहवेत एक प्रश्न सोयीस्करपणे गिळला जातो : ही मुले शेतात का खेळतात? सांबा भाताची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जूनला सुटते. मधल्या काळात कोरडे पडलेले शेत हेच त्यांचे क्रीडांगण. पाणी आले की क्रीडांगण संपले! शिवाय ते शेत शेतमजुराच्या मुलाचे नसते. खेळ त्याचा, जमीन मालकाची आणि परवानगी मालकाच्या मर्जीची.

याच कावेरीच्या खोऱ्यात जमीनदार शेतमजुरांना चाबकाने फोडून काढीत, शेणाचे पाणी पाजीत. बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या मजुरांनी त्या अत्याचाराला आव्हान दिले. त्याच संघर्षात २५ डिसेंबर १९६८ रोजी, तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे ४४ दलित स्त्री-पुरुष व मुले जिवंत जाळली गेली. जिथे स्पर्शाचाच विटाळ मानला गेला, तिथे ज्याचा नियमच स्पर्श आहे असा खेळ सर्व वस्त्यांतील मुलांनी एकाच मैदानावर खेळणे ही क्षुल्लक करमणूक नव्हे. पण त्यासाठी मैदान कोणा एका जातीचे वा मालकाचे असून चालत नाही. ते सार्वजनिकच हवे.

भांडवलदारांनी मात्र या खेळात वेगळाच माल शोधला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. २०१७ मध्ये तमिळनाडूच्या नावाचा संघही तीत उतरला. २०२३ च्या लिलावात एका खेळाडूवर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. खेळाडूच्या घामाला दाम मिळाले, याचे कोणाला दुःख नाही. पण लिलावाने गावात मैदान होत नाही, मोडलेल्या गुडघ्यावर उपचार होत नाहीत. मूठभरांच्या झगमगाटाने हजारोंची उपेक्षा झाकली जाते, इतकेच.

‘बड्या भांडवलाविना खेळ जगत नाही,’ असे सांगणाऱ्यांनी आयर्लंडकडे पाहावे. काठी आणि चेंडूने खेळला जाणारा हर्लिंग हा प्राचीन खेळ तिथे १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने गावोगावच्या क्लबांच्या बळावर जिवंत ठेवला आहे. तिकिटे व प्रायोजक तिथेही आहेत. परंतु सुमारे ८२ हजार प्रेक्षकांच्या क्रोक पार्कवर उतरणारा खेळाडू खेळाचे वेतन घेत नाही आणि संघांवर कोणा भागधारकाची मालकी नाही. उन्हाळ्यात आलेला पाहुणा गावच्या पोरांचा सामना पाहतो, तो गावच्याच क्लबच्या मैदानावर.

कुंभकोणमला मैदानाचे महत्त्व सांगण्याची गरज पडू नये. १६ जुलै २००४ रोजी याच शहरात, एकाच इमारतीत तीन शाळा कोंबलेल्या असताना लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. मुलांची जागा हिरावून शिक्षणाचे दुकान थाटले की काय होते, याचा तो भयंकर पुरावा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले आहे. ती ओळ कागदावरच का राहावी?

मुलांना दुरून आलेल्या कौतुकाची भीक नको आहे. प्रत्येक गावात सार्वजनिक मैदान, सरकारी शाळेत क्रीडाशिक्षक, जखमी खेळाडूला मोफत उपचार आणि मुलींनाही मुलांइतकाच वाव, हा त्यांचा हक्क आहे. १२ जूनला पाणी शेतात शिरो; मुलांचा खेळ थांबता कामा नये!