राखणदार आहे, पण आमच्या दाराशी नाही



१ मे म्हटले की आपल्याला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन आठवतो. २०२५ सालचा १ मे मात्र धारवाडकरांनी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवा. त्या दिवशी धारवाडात मुख्य कार्यालय असलेली कर्नाटक विकास ग्रामीण बँक संपली. नऊ जिल्हे आणि सहाशेहून अधिक शाखा असलेली ही बँक कर्नाटक ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि मुख्य कार्यालय बळ्ळारीला गेले. 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' हे त्यामागचे धोरण. देशात ४३ ग्रामीण बँका होत्या, त्या दिवसापासून २८ उरल्या.

आमचे भांडण बळ्ळारीकरांशी नाही. हा मराठी-कन्नड वादही नाही. कलघटगीचा मराठी शेतकरी आणि त्याचा कन्नड शेजारी पीककर्जाला एकाच रांगेत उभे राहतात. आमचा प्रश्न साधा आहे. दोन कंपन्या एक होतात तेव्हा गिऱ्हाइकाचे नुकसान होईल की नाही, हे तपासायला या देशात एक अधिकारी नेमलेला आहे. त्यासाठी कायदा आहे, कचेरी आहे, पगार आहे. मग आमच्या बँका एकामागून एक गिळल्या गेल्या, तेव्हा हा राखणदार कुठे होता?

उत्तर ऐकून चीड येते. त्याला त्या दाराशी उभेच राहू दिले नव्हते.

राखणदार कोण?

हा अधिकारी म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा अध्यक्ष. १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा जुना झाला म्हणून संसदेने २००२ मध्ये स्पर्धा कायदा केला. मोठ्या कंपन्यांनी एकमेकींना विकत घेण्यापूर्वी किंवा एकमेकींत विलीन होण्यापूर्वी आयोगाची परवानगी घ्यावी, हे कलम प्रत्यक्षात लागू झाले १ जून २०११ रोजी. कायदा झाल्यावर नऊ वर्षांनी! तोवर साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि १९१६ सालची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेलेली होती. मराठी माणसाने आपल्या गावात उभ्या केलेल्या या दोन बँका. त्यांपैकी युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले होते आणि ठेवीदारांचा पैसा वाचवणे भागच होते, हे आम्ही मान्य करतो. बुडत्याला हात देताना पंचांग पाहत बसायचे नसते. पण प्रत्येक विलीनीकरण हे बुडत्याला वाचवण्यासाठी नसते.

हे पद नुसते शोभेचे नाही. मनात आणले तर हा आयोग काय करू शकतो, याचे एक उदाहरण आपल्या काळ्या रानाशी जोडलेले आहे. हा कापसाचा मुलूख. 'वरलक्ष्मी' हा संकरित कापूस १९७२ मध्ये धारवाडच्याच संशोधन केंद्रातून बाहेर पडला. बायर आणि मोन्सँटो या जगातल्या दोन बलाढ्य बियाणे व औषध कंपन्या एक व्हायला निघाल्या, तेव्हा स्पर्धा आयोगाने ते प्रकरण खोलात जाऊन तपासले. जून २०१८ मध्ये परवानगी दिली, पण अटी घालून. जालन्याच्या महिको कंपनीतला मोन्सँटोचा २६ टक्के हिस्सा विकायला लावला. बायरचा कापूस बियाण्यांचा धंदाही सोडायला लावला. आपले तंत्रज्ञान इतर बियाणे कंपन्यांना सात वर्षे रास्त अटींवर, भेदभाव न करता द्यावे, असे बंधन घातले. अटी पुरेशा होत्या की नव्हत्या यावर वाद घालता येईल. पण कोणीतरी विचारले, कोणीतरी अडवले, कोणीतरी लिहून घेतले. राखणदार म्हणतात तो याला.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. पीव्हीआर कंपनी दिल्ली परिसरातली डीटी चित्रपटगृहे विकत घेत होती. २०१६ मध्ये आयोगाने तो व्यवहार तपासताना सगळी दिल्ली एक धरली नाही. दक्षिण दिल्ली वेगळी, नोएडा वेगळे, गुरगाव वेगळे अशी बाजारपेठ पाडून पाहिली. कारण उघड आहे. दक्षिण दिल्लीचा माणूस सिनेमा पाहायला उठून दुसऱ्या टोकाला जात नाही. हा विचार शंभर टक्के बरोबर आहे.

आता आम्ही विचारतो, दक्षिण दिल्लीतल्या सिनेमाच्या तिकिटासाठी जो विचार होतो, तो अळणावरच्या पीककर्जासाठी का होत नाही? अळणावरचा शेतकरी सोने तारण ठेवायला दुसऱ्या जिल्ह्यात जातो काय?

आमच्या दाराला कुलूप कोणी लावले?

याचे उत्तर ३० ऑगस्ट २०१७ च्या एका सरकारी अधिसूचनेत आहे. केंद्र सरकारने आपल्या अधिकारात राष्ट्रीयीकृत बँकांची विलीनीकरणे स्पर्धा आयोगाच्या तपासणीतून दहा वर्षांसाठी वगळून टाकली. त्याच महिन्यात ग्रामीण बँकांनाही पाच वर्षांची सूट मिळाली. ग्रामीण बँकांचे एकत्रीकरण १९७६ च्या त्यांच्या कायद्याखाली होते. त्यात केंद्र सरकारने नाबार्ड, राज्य सरकार आणि प्रवर्तक बँक यांच्याशी सल्लामसलत करायची असते. खातेदाराला विचारावे असे त्यात कुठेही नाही.

आणि मग काय झाले ते पाहा. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक बँक ऑफ बडोदात गेली. बरोबर एक वर्षाने, १ एप्रिल २०२० रोजी, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. २०१७ मध्ये देशात २७ सरकारी बँका होत्या, २०२० मध्ये १२ राहिल्या. कर्नाटकात जन्मलेल्या तीन बँकांच्या पाट्या वर्षभरात उतरल्या. १९२५ साली उडुपीत सुरू झालेली सिंडिकेट बँक म्हणजे तीच, जिने १९२८ मध्ये दारोदार जाऊन आणा-दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव सुरू केली. दुर्गदबैलातल्या भाजीवालीला आजही बचतीचा दुसरा शब्द माहीत नाही, ती 'पिग्मी'च म्हणते.

आमचे म्हणणे उदाहरणाने सांगतो. एखाद्या मोठ्या गावात तीन पाट्या होत्या असे धरा : सिंडिकेट, कॅनरा आणि विकास ग्रामीण बँक. एका ठिकाणी साहेबांनी कर्जाला नाही म्हटले, तर शेतकरी दुसऱ्या दारात जात असे, तिथेही नाही तर तिसऱ्या. आज सिंडिकेटची पाटी कॅनराची झाली. ग्रामीण बँकेत ५० टक्के हिस्सा केंद्राचा, १५ टक्के राज्याचा आणि ३५ टक्के प्रवर्तक बँकेचा असतो. आपल्या ग्रामीण बँकेची प्रवर्तक कोण? पूर्वी सिंडिकेट होती, आता कॅनरा. म्हणजे तीन दारे होती, तिथे उरली दोन, आणि त्या दोन दारांच्या किल्ल्यांचा जुडगाही बराचसा एकाच कमरेला. याला स्पर्धा म्हणायचे काय? विलीनीकरणामुळे बाजारातला एखादा जोमदार प्रतिस्पर्धी नाहीसा होतो का, हे पाहा, असे स्पर्धा कायदाच आयोगाला सांगतो. मग पाहू का दिले नाही?

सरकारी बाजूचे लोक म्हणतात, 'सगळ्या बँका सरकारच्याच, मालक एकच, मग स्पर्धा कमी होण्याचा प्रश्न येतो कुठे?' हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण मालक एक असला तरी प्रत्येक बँकेचा शाखाधिकारी वेगळा होता, उद्दिष्ट वेगळे होते, दुसऱ्याचे गिऱ्हाईक आपल्याकडे ओढण्याची ईर्षा वेगळी होती. गिऱ्हाइकाला त्या ईर्षेचा फायदा मिळत होता. ते म्हणतात, 'रिझर्व्ह बँक आहे ना लक्ष ठेवायला!' आहे. पण रिझर्व्ह बँक प्रामुख्याने पाहते ती बँक बुडू नये म्हणून. गिऱ्हाइकाला दुसरे दार उरले की नाही हे पाहणे ज्याचे मुख्य काम आहे, तो आयोग आहे. डॉक्टर घरात आहे म्हणून वकिलाची गरज संपत नाही.

मोठ्या बँकेची ताकद मोठी, तंत्रज्ञान चांगले, हेही आम्ही नाकारत नाही. फायदा असेल तर तो आयोगापुढे मांडा, कायद्यात त्यालाही जागा आहे. तपासणीला भिण्याचे कारण काय?

आणि खुर्चीच रिकामी!

बरे, ज्या व्यवहारांची तपासणी आयोगाकडे आहे, तिथे तरी आस्था आहे काय? आधी कायद्यात अध्यक्ष आणि सहा सदस्यांपर्यंत सोय होती. २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने ती अध्यक्ष आणि तीन सदस्यांवर आणली. बैठकीला किमान तिघे लागतात. चारातला एक गेला की काठावर, दोन गेले की काम बंद. आणि झालेही तसेच. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी अध्यक्ष अशोककुमार गुप्ता निवृत्त झाले आणि आयोगाची गणसंख्याच उरली नाही. नव्या अध्यक्षा रवनीत कौर यांची नेमणूक झाली मे २०२३ मध्ये. सुमारे सात महिने खुर्चीवर पूर्णवेळ माणूस नाही! मधल्या काळात विलीनीकरणाचे अर्ज अडकून पडले. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये 'गरजेचा सिद्धांत' नावाची कायदेशीर पळवाट काढून उरलेल्या दोन सदस्यांनी अर्ज निकाली काढायला सुरुवात केली.

अध्यक्ष कधी निवृत्त होणार, हे नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. पाच वर्षे किंवा वयाची ६५, यांपैकी जे आधी येईल ते. लग्नाची तारीख ठरलेली असताना मांडव घालायला विसरणाऱ्या यजमानाला काय म्हणावे? गावच्या चावडीवरचा शिपाई सात महिने नसता, तर आपण तहसीलदाराला घेराव घातला असता. इथे लाखो कोटींच्या व्यवहारांचा राखणदार नव्हता आणि ब्र कोणी काढला नाही. आम्हीही काढला नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. दिल्लीतला आयोग म्हणजे बड्या कंपन्यांचा मामला, आपला काय संबंध, असेच आम्ही समजत होतो. बियाणे महाग झाले आणि बँकेची पाटी बदलली, तेव्हा संबंध कळला.

आणखी एक गोष्ट. २०११ नंतरच्या पहिल्या दहा वर्षांत आयोगाने एकही विलीनीकरण सरळ नाकारले नाही. खोलवर तपासणी होते तेव्हा कायद्याने व्यवहाराचा तपशील जाहीर करून सामान्य माणसाच्याही हरकती मागवाव्या लागतात. पण त्यासाठी दिवस मोजकेच, आणि ती जाहिरात आमच्या दाजीबान पेठेतल्या दुकानदाराच्या किंवा हल्ल्याळच्या शेतकऱ्याच्या नजरेला पडणार कशी? दार उघडे आहे म्हणायचे आणि वाट दाखवायची नाही, असा हा कारभार आहे.

आम्ही काय मागतो?

नुसती ओरड करून थांबणे आमच्या मंडळाच्या रीतीत बसत नाही. आमच्या मागण्या चार आहेत.

पहिली : सरकारी बँकांना दिलेली ती दहा वर्षांची सूट ऑगस्ट २०२७ पर्यंतची आहे. ती पुढे वाढवू नये. यापुढचे प्रत्येक बँक विलीनीकरण, मग ती बँक राष्ट्रीयीकृत असो वा ग्रामीण, आयोगापुढे गेलेच पाहिजे. बँक खरोखर बुडत असेल तर तेवढाच अपवाद करावा.

दुसरी : अध्यक्षांची निवड खुर्ची रिकामी होण्याआधी तीन महिने पूर्ण व्हावी. निवड समितीच्या प्रमुखपदी सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती असते. समिती वेळेत बसवणे हे सरकारचे काम आहे.

तिसरी : हरकती मागवण्याची जाहिरात स्थानिक कन्नड आणि मराठी दैनिकांत यावी, आणि हरकत आपल्या भाषेत देता यावी.

चौथी : राज्य सरकारही एखाद्या धोरणावर स्पर्धा आयोगाचे मत मागवू शकते, अशी तरतूद कायद्यात आहे. ते मत बंधनकारक नसते, पण कागदावर येते. ग्रामीण कर्जपुरवठ्यावर या विलीनीकरणाचा काय परिणाम होतो, हे कर्नाटक सरकारने विचारावे. शिवाय ग्रामीण बँकेच्या वेळी कायद्याप्रमाणे राज्याचे मत घ्यायचे होते. ते काय दिले, हे आपल्या आमदारांनी आपल्याला सांगावे. मत मागायला ते आपल्या दारी येतात, तेव्हा हिशेब मागायला आपण का लाजावे?

बंधू-भगिनींनो, २०२७ चा ऑगस्ट दूर नाही. सूट वाढवण्याची अधिसूचना एका पानाची असते आणि एका सहीने निघते. सही झाल्यावर निवेदन देणे म्हणजे वरात गेल्यावर बेंडबाजा बोलावणे. म्हणून प्रत्येक गल्लीतल्या, प्रत्येक पेठेतल्या सभासदाने आपल्या खासदाराला याच मुद्द्यावर पत्र लिहावे, कन्नड शेजाऱ्याचीही सही त्यावर घ्यावी आणि एक प्रत मंडळाच्या कचेरीत आणून द्यावी. सर्व प्रती एकत्र करून दिल्लीला पाठवण्याची जबाबदारी आमची.

राखणदार आपल्याच पैशावर पोसला जातो. तो आपल्याही दाराशी उभा राहिला पाहिजे.

आपले,
संपादक मंडळ