मूळचे कुठले? वालूरचे!

पुण्यात भाड्याने घर शोधताना मला एकच प्रश्न दोनदा विचारला जातो. "कुठले तुम्ही?" वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी. "ते झालं हो, पण मूळचे कुठले?" या दुसऱ्या प्रश्नालाच माझी हरकत आहे. वालूरच्या मागे माझे वेगळे मूळ नाही.

जरा इतिहास बघा. १९३० साली वालूरमध्ये जन्मलेला माणूस, हिंदू असो वा मुसलमान, निजामाची रयत होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. २६ जानेवारी १९५० रोजी तो प्रजासत्ताकाचा नागरिक झाला. त्याचा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. तीस वर्षांत एवढे सगळे बदलले, पण त्याचे घर तिथेच होते. पोलीस कारवाईनंतर संस्थानातल्या मुसलमानांनी काय सोसले, ते सुंदरलाल समितीने नोंदवले आहे. तरीही आपले आजे-पणजे इथेच राहिले. निष्ठेचा याहून मोठा दाखला कोणत्या तहसीलदाराने द्यायचा?

पण मित्रांनो, बोट फक्त दुसऱ्यांकडे दाखवून चालणार नाही. सोयरीक जुळवताना 'आमचे पूर्वज अरबस्तानातून आले' ही मिजास आपल्याच घरांत चालते. ज्या वंशावळीच्या जोरावर आपण शेजारच्या पिंजाऱ्याला, बागवानाला कमी लेखतो, तीच उद्या 'हे बाहेरचे' म्हणणाऱ्यांच्या हाती लागते. ही बढाई आधी आपण सोडली पाहिजे.

पोटासाठी पुणे, मुंबई किंवा आखात गाठणे हा गुन्हा नाही. पण गाव ईद, लग्न आणि दफन एवढ्यापुरतेच उरले, तर आपणच पाहुणे होऊ. वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली. ती कुणा एका धर्माची नाही, गावाची आहे. तिच्या देखभालीत आपलाही वाटा हवा. मतदार यादीत नाव गावचे असेल, तर ग्रामसभेला जा. शाळा, पाणी, कब्रस्तानाचा रस्ता यांवर बोला आणि मराठीत बोला. आजोबांचे शाळेचे दाखले, सातबारे जरूर जपून ठेवा. पण गावाशी नाते त्या फाइलीपुरते ठेवू नका. हक्क सांगायचा, तर गावाच्या कामालाही उभे राहावे लागेल.