दहा तासांचा कायदा, दहा पावसाळ्यांचे भंगार

गावच्या रस्त्याचे अंकगणित सरकारनेच लिहून ठेवले आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील डांबरी पट्ट्याची प्रमाणित रुंदी 3.75 मीटर; बस वा ट्रकला नियमांनी मुभा दिलेली कमाल रुंदी 2.6 मीटर. वेशीपाशी एखादा बंद पडलेला ट्रक अर्धा डांबरावर आणि अर्धा कडेला उभा राहिला, की मोकळे उरतात 2.45 मीटर. त्यातून एसटी सरळ निघत नाही. साइडपट्टीवर उतरून काढावी म्हटले, तर यवतमाळ जिल्ह्यातील साइडपट्टी म्हणजे बहुतेक ठिकाणी कपाशीची काळी माती : वैशाखात हातभर भेगा आणि आषाढात आसापर्यंत चाक गिळणारा चिखल.

वणीपासून उमरखेडपर्यंत हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे, की ते आता कोणाच्या डोळ्यांत सलतही नाही. चाके काढून दगडांवर टेकवलेली ट्रॉली, काचा फुटलेली काळीपिवळी, गंजून तांबूस पडलेला ट्रॅक्टर. वणीच्या कोळसापट्ट्यात तर चालते ट्रकही रस्त्यालाच वाहनतळ समजतात. ट्रॉलीवर वाळवणे पसरली जातात, टपावर कोंबड्या बसतात आणि चार वर्षांनी पाहुण्याला घराची खूण म्हणून तेच भंगार सांगितले जाते. अतिक्रमण पत्त्याचा भाग झाले, की ते हटवण्याची भाषाच उद्धट वाटू लागते. सगळेच मालक मग्रूर आहेत असे नव्हे. नापिकीच्या वर्षी ट्रॅक्टरचे इंजिन बसले आणि पुढे दुरुस्तीपुरतेही पैसे हाती आले नाहीत, असे शेतकरी या जिल्ह्याला शोधावे लागत नाहीत. पण त्यांची विपन्नता हे शासनाच्या निष्क्रियतेचे समर्थन होऊ शकत नाही.

कायदा नि:संदिग्ध आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन उचलून नेण्यास गणवेशातील पोलीस अधिकारी मंजुरी देऊ शकतो. मोडके, जळालेले वा सुटे भाग काढून घेतलेले वाहन रहदारीला धोका ठरत असेल तर ते तत्काळ हलवता येते, आणि ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी पडतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 53 रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार पंचायतीला देते. पंचायत स्वस्थ बसली तर तोच अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 ने सार्वजनिक मार्ग अडवणाऱ्यासाठी पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. जुन्या दंड संहितेत तो दोनशे होता. शस्त्रे इतकी, आणि एकही म्यानाबाहेर नाही.

कारण प्रत्येकाची दृष्टी दुसऱ्याच्या कमरेकडे. ग्रामपंचायत म्हणते, रस्ता जिल्हा परिषदेचा. बांधकाम विभाग म्हणतो, वाहन परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीतले. परिवहन कार्यालय म्हणते, अडथळा पोलिसांनी पाहावा. आणि पोलीस विचारतात, तक्रार कोणाची? तक्रार कोणाचीच नसते. वाहनाचा मालक कोणाचा तरी चुलतभाऊ असतो आणि निवडणूक फार लांब नसते. 2007 साली राज्याने तंटामुक्त गाव मोहीम मोठ्या गाजावाजाने सुरू केली. इथे तंटा खरोखरच झाला नाही, फक्त रस्ता गेला.

त्यातूनही एखादे वाहन उचलले गेलेच, तर ते जाते कोठे? पोलीस ठाण्याच्या आवारात, नाही तर रेतीचा टिप्पर असेल तर तहसीलच्या. तेथे बाभळी त्याच्या बोनेटमधून वर येतात. जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात 2002 मध्येच बजावले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 ने न्यायालयापुढे आलेल्या मुद्देमालाचे विवरण चौदा दिवसांत करण्यास आणि त्यानंतर, छायाचित्रण आटोपल्यावर, तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश देण्यास सांगितले आहे. गावकरी रस्त्यावर जे करतो, तेच शासन कुंपणाआड करते. त्याला ‘मुद्देमाल’ म्हटले की ते भंगार उरत नाही, एवढेच. वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण 2021 साली आले. त्याचे प्रवर्तक केंद्रीय मंत्री जवळच्याच नागपूरचे. पण ते धोरण महामार्ग क्रमांक 44 वरून पांढरकवड्याच्या पुढे भरधाव निघून गेले. गावाच्या फाट्यावर वळलेच नाही.

ही उपेक्षा अशीच चालली, तर तिची किंमत क्रमाने वसूल होईल. प्रथम चालक फाट्यावरूनच बस वळवील. मग ‘रस्ता अयोग्य’ असा शेरा पडेल आणि फेरी बंद होईल. फेरी बंद झाली, की आठवीच्या पुढे शिकणारी मुलगी घरी बसेल. तिच्यासाठी शासनाने मोफत पास दिला, मानव विकास कार्यक्रमातून निळ्या बसही दिल्या. पण पास हाती असून उपयोग काय, बसच गावात पोचत नसेल तर? घरी बसलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी कधी सुरू होतात, हे या जिल्ह्यातील शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

दुसरी किंमत याहून निर्दय. 2017 च्या फवारणीच्या हंगामात याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर कीटकनाशकाच्या विषबाधेने दगावले. झरी जामणीच्या किंवा घाटंजीच्या आडगावातून विषबाधेचा वा सर्पदंशाचा रुग्ण यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचा, तर प्रत्येक मिनिटाचा हिशेब असतो. फवारणी आणि साप, दोन्हींचे दिवस पावसाळ्याचे. साइडपट्टी खचण्याचेही तेच. 108 ची रुग्णवाहिका वेशीबाहेर थांबली आणि रुग्ण बाजेवर घालून तिच्यापर्यंत आणावा लागला, तर त्या विलंबाची नोंद कोणत्या दप्तरात होईल? मृत्यूच्या दाखल्यावर ‘नादुरुस्त ट्रॉली’ हे कारण लिहिण्याची सोय नाही.

तिसरी किंमत संथ आणि अदृश्य. टायरच्या खोबणीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुढच्या पाण्याने जागी होतात. आरोग्यसेविका घरोघरी कोरडा दिवस पाळण्यास सांगते, रांजण रिकामे करायला लावते. दारापुढच्या ट्रकची चार चाके रिकामी करण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही.

जिल्हाधिकाऱ्यांनी मृगाच्या आधी ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांच्याकडून गावनिहाय यादी मागवावी, चेसिस क्रमांकासह. परिवहन कार्यालयाने मालक शोधावेत. ज्याच्याकडे ओढून नेण्याचे पैसे नाहीत, त्याचा खर्च भंगाराच्या लिलावातून वळता करावा आणि उरलेली रक्कम त्याच्या हाती द्यावी. प्रारंभ ठाण्यांच्या आणि तहसीलच्या आवारांपासून व्हावा, म्हणजे गावकऱ्याला ‘आधी तुमचे बघा’ म्हणण्यास जागा उरणार नाही. निधीची प्रतीक्षा नको, नव्या शासन निर्णयाचीही नको. कलम 127 मधील दहा तास सकाळी आठला मोजायला घेतले, तर ते सायंकाळी सहाला पुरे होतात. मुक्कामी गाडी गावात शिरण्याची वेळ त्यानंतरची असते.