जुने एफएलव्ही पाठ जपा, पण ‘रॉ’च्या नादी लागू नका



शाळेच्या संगणकातला ‘ई-लर्निंग’चा जुना फोल्डर एकदा उघडून बघा. कवितांच्या चाली, पाढे, मुलांनी केलेले प्रयोग असं बरंच काही सापडेल. त्यातल्या कितीतरी फाइलींच्या नावाशेवटी ‘एफएलव्ही’ असेल. हा फ्लॅश व्हिडिओ. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं तेव्हा तेही यावरच चालायचं.

३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट थांबवला. त्यामुळे या फाइली बाद झाल्या असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बंद पडला तो ब्राउझरमधला प्लेअर. व्हीएलसीमध्ये ही फाइल आजही चालते. अडचण येते ती मोबाईल आणि स्मार्ट टीव्हीवर. म्हणून रूपांतर करायला हवंच. पण कशात?

‘रॉ व्हिडिओ करा, क्वालिटी एकदम भारी’ असा सल्ला मिळतो. माझं स्पष्ट मत आहे, शाळेसाठी हा सल्ला चुकीचा आहे.

पहिलं कारण जागेचं. रॉ म्हणजे अजिबात न दाबलेला व्हिडिओ. ६४० बाय ४८० आकाराची एक फ्रेम साधारण साडेचार लाख बाइटची. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला जवळपास ६९० एमबी! म्हणजे एका सीडीत जेमतेम एक मिनिट. दहा मिनिटांच्या पाठाला सात जीबी कुठून आणायचे?

दुसरं, क्वालिटी वाढतच नाही. एफएलव्ही बनवतानाच बारकावे गळालेले असतात. पुसट झेरॉक्स मोठ्या कागदावर काढली म्हणून गेलेली अक्षरं परत येतात का?

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. वाययूव्हीसारख्या रॉ फाइलीत चित्राची लांबी-रुंदी, वेग यांची नोंदच नसते. आवाजही नसतो. तुमची बदली झाल्यावर नवीन गुरुजी किंवा बाई ती फाइल उघडतील तेव्हा हे आकडे माहीत नसतील, तर दिसतील नुसत्या रंगीत रेघा. पाठ जपायला गेलो आणि पाठच हरवला!

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला एफएलव्ही चालत नसेल, तर मधली पायरी म्हणून रॉ ठीक आहे. काम झालं की काढून टाका.

मग करायचं काय? व्हीएलसीच्या ‘मीडिया’ मेनूत ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ आहे. तिथे एच-२६४ असलेला एमपी-फोर प्रकार निवडा. तयार फाइल शेवटपर्यंत बघा, आवाज तपासा. मूळ एफएलव्ही मात्र पेनड्राइव्हवर जपून ठेवा, कारण प्रत्येक रूपांतरात थोडं काहीतरी गळतंच. ‘एसडब्ल्यूएफ’ फाइली वेगळ्या ठेवा. त्यात बटणं दाबायचे खेळ असतात, व्हिडिओ केला तर खेळ संपतो. त्यासाठी ‘रफल’ हे मोफत साधन वापरून बघा.

आणि एक विनंती. मुलांचे चेहरे, आवाज असलेले व्हिडिओ कुठल्याही फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. पालकांनीही घरच्या व्हिडिओंबाबत हे पाळावं. ज्या कामाला इंटरनेट लागतच नाही, त्यासाठी मुलांचे व्हिडिओ परक्याच्या हाती का द्यायचे?

या शनिवारी एक फोल्डर तरी हातावेगळा करा.