न वापरलेल्या दाराची किंमत

लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून, जून २०२३ मध्ये एक जुनी सोय काढून टाकण्यात आली. बहुतेकांनी तिचे नावही ऐकलेले नसेल. तरीही तिच्यासाठी मोजलेली किंमत लहान नव्हती.

अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने डिसेंबर २००० मध्ये खुली केलेली एसईलिनक्स ही व्यवस्था २००३ पासून मूळ कर्नलचा भाग आहे. कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या फाइलला हात लावावा, याचे नियम ती बजावते. अँड्रॉइड फोनवरही तिचाच पहारा असतो. काही यंत्रांवर कर्नलला सुरुवातीच्या आज्ञा देणे अवघड होते. म्हणून यंत्र सुरू होत असताना, नियमावली भरली जाण्यापूर्वी, पहारा उठवण्याची सोय ठेवली गेली. त्या वेळी ते रास्तच होते.

परंतु पहारा मध्येच उठवायचा तर तपासणीच्या ठिकाणांची कर्नलमधील यादी नंतरही बदलता आली पाहिजे. यंत्र सुरू झाल्यावर ही यादी केवळ वाचता यावी, असा बंदोबस्त २०१७ मध्ये शक्य झाला. जुनी सोय राखणाऱ्या कर्नलना मात्र तो घेता येईना. मालकासाठी मोकळी ठेवलेली यादी, कर्नलमधला एखादा दोष हाती लागला की, चोरालाही मोकळीच. आणि हा धोका ज्यांना पहारा हवा होता, त्यांच्याही माथी आला!

मार्च २०२० च्या ५.६ या आवृत्तीत ही सोय कालबाह्य ठरवण्यात आली. फेडोराने २०२१ मध्ये, आपल्या ३४ व्या आवृत्तीत, तिला निरोप दिला. तरीही कोणी कुऱ्हाड चालवली नाही. सवय न सोडणाऱ्यांच्या यंत्राला सुरू होताना आधी ५ आणि पुढे १५ सेकंद ताटकळत ठेवण्यात आले. (आपल्या सरकारी कचेऱ्यांना ही युक्ती शिकवावी लागणार नाही, तेथे विलंब आहेच, पूर्वसूचना तेवढी नसते.) तीन वर्षांच्या सूचनेनंतर ६.४ या आवृत्तीत सोय गेली.

कर्नलमधील बदलाने वापरणाऱ्याचे चालते काम मोडू नये, हा लायनस टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे. त्याचा येथे भंग झाला, ही तक्रार टिकणारी नाही. ज्याला पहारा नको, त्याला कर्नलला सुरुवातीलाच आज्ञा देऊन तो आजही बंद ठेवता येतो. आणि कोणाच्या फाइलीत जुनी ओळ तशीच राहिली, तर कर्नल नियमावलीविना चालतो. यंत्र बंद पडत नाही.