बॉक्स गेला? एक मिनिट!

ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याच्या आयुष्यात एक वाक्य कधी ना कधी येतं. 'साहेब, बॉक्स गेलाय.' त्यानंतरचा आकडा ऐकून वाटतं, यापेक्षा अख्खी गाडीच गेली असती तर परवडलं असतं! पण मंडळी, अशा वेळी पहिला प्रश्न 'किती?' हा विचारायचा नसतो. 'कुठला बॉक्स?' हा विचारायचा असतो.

कारण 'ऑटोमॅटिक' नावाची एकच एक वस्तू नाही. आपल्या रस्त्यांवर निदान चार जाती आहेत. टॉर्क कन्व्हर्टर हा जुनाजाणता, तेलाच्या दाबावर चालणारा. सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुल्या आणि एक पट्टा. डीसीटी उर्फ डीएसजीत क्लचच दोन. आणि एएमटी, म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या पाया-हाताऐवजी एक यंत्र. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि ऑटोमॅटिक हा श्रीमंती शौक राहिला नाही. ओळखायची सोपी खूण सांगू? लिव्हरवर 'पी' नसेल, नुसतेच आर, एन, डी असतील, तर बहुतेक एएमटीच.

आता हा फरक तुमच्या खिशाला कसा लागतो ते बघा. माझे मामा गोरेगावला राहतात. मुंबईचं नव्हे हो, गोंदिया जिल्ह्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं. रिटायर झाल्यावर गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला म्हणून त्यांनी छोटी एएमटी घेतली. धानखरेदीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे सरपटताना गाडी अधूनमधून आपोआप न्यूट्रलला जायला लागली. डॅशबोर्डवर दिवा लुकलुकायचा. नागपूरच्या एका चकाचक वर्कशॉपने गाडी दहा मिनिटं पाहिली आणि सांगितलं, क्लच, अॅक्च्युएटर, सगळं नवं. पंचाहत्तर हजार. पेन्शनीतल्या माणसाला हा आकडा म्हणजे जाम टेन्शन.

मामा गाडी घेऊन गावच्या मेकॅनिककडे गेले. तो पोरगा बाइक आणि ट्रॅक्टरवर मोठा झालेला. म्हणाला, "सर, क्लच घसरून नाही राहिला. गाडी मधातच न्यूट्रल होऊन राहिली. आधी बॅटरी पाहू द्या न."

आणि त्याने मीटर लावला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची धडधाकट बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. मामांची ११.९ वर. एएमटीचं ते यंत्र विजेवर चालतं; वीज कमी पडली की ते गोंधळतं आणि गाडी न्यूट्रलला सोडून मोकळं होतं. नवी बॅटरी टाकली, गोंदियात स्कॅनर लावून जुने कोड पुसले, दोन आठवडे वाट पाहिली. दिवा पुन्हा लागला नाही.

प्रत्येक वेळी बॅटरीच निघेल असं मी म्हणत नाही. ब्रेक पेडलचा छोटा स्विच बिघडला तरी एएमटी रुसते, कारण ब्रेक दाबलाय हे तिला कळतच नाही. आणि क्लच खरोखर झिजतोही, विशेषतः चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्यांचा. तो गेला की लक्षण वेगळं असतं. इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा वर पळतो, पण गाडी काही उचलत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनी तेलाकडे बघावं. बहुतेक गाड्यांत ते नवं असताना लालसर असतं. काळं पडून जळका वास आला तर आत काहीतरी घासतंय. 'डी' टाकल्यावर गाडी पकडायला दोन-तीन सेकंद घेत असेल, किंवा हलक्या अॅक्सिलरेटरवर खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरत असेल, तर बॉक्स खोलण्याआधी तेल आणि त्याची पातळी तपासून घ्या. सीव्हीटीचं तेल वेगळं असतं. तिथे 'सगळं तेल सारखंच' म्हणणारा भेटला तर चावी परत घ्या आणि निघा! आणि गाडी बंद पडलीच, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीवाली फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. चाकं उचलून नाहीतर सरळ फ्लॅटबेडवर.

स्कॅनरचाही एक फंडा आहे. 'पी०७००' हा कोड दाखवून बरेच जण गिऱ्हाइकाला घाबरवतात. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी तक्रार नोंदवलीय. नेमकी तक्रार काय, ते गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचू शकणाऱ्या स्कॅनरवरच दिसतं. ऑनलाइन मिळणारे स्वस्त डाँगल अनेकदा तिथपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून 'कोड आला' यावर थांबू नका. कुठला, किती, सगळे मागा, स्क्रीनचा फोटो काढा. शिवाय एएमटीत क्लच बदलला की स्कॅनरने त्याला नव्याने 'शिकवावं' लागतं. ते केलं का, हेही विचारा. न केल्यास नवा क्लचही धक्के देतो, आणि मग सांगतात, आता अॅक्च्युएटर बदला.

'आधी खोलू, मग सांगू' हे तर ऐकूनच घेऊ नका. एकदा बॉक्स खाली उतरला की गाडी त्यांच्या ताब्यात आणि तुम्ही त्यांच्या मर्जीवर. तपासणीचे पैसे वेगळे द्या, खुशीने द्या. चांगल्या मेकॅनिकचं डोकं फुकट का मिळावं? मग एस्टिमेट लेखी घ्या, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी, आणि काढलेले जुने पार्ट परत हवेत हे आधीच लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला शेजारी बसवून तीच चक्कर मारा जिथे ती बिघडायची.

इतकं करूनही फसवलं गेलंच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग; बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत हवी. आणि २०१९ च्या कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, एक मस्त गोष्ट केलीय. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. म्हणजे वर्कशॉप नागपूरचं आणि तुम्ही गोरेगावचे, तर तारखेला गोंदियाला यायचं ते त्यांनी.