सोडचिठ्ठीतील शून्य

जुन्नर-आंबेगावकडे नवराबायको विभक्त होतात तेव्हा अनेकदा आधी पंच बसतात, मग मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहिली जाते. एकरकमी पोटगी पावली, स्थावर-जंगमावर हक्क उरला नाही, असे बाईकडून लिहून घेतले की पंच मोकळे! याला करारनामा म्हणावयाचे की शरणपत्र?

नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, मंचरचा कांदा कोणाच्या हातांनी लावला, खुरपला, तोडला? कुकडी आणि डिंभ्याच्या पाण्याने जमिनीचे मोल वाढले, त्यात या श्रमांचाही वाटा आहे. परंतु सातबारावर नाव नवऱ्याचे वा सासऱ्याचे. म्हणून तडजोडीत तिच्या वीस वर्षांची किंमत शून्य. आमचे अर्थशास्त्र याला 'विनावेतन कौटुंबिक श्रम' म्हणते. नाव मोठे सोज्वळ आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पोटगी आहे, संसारात उभ्या राहिलेल्या जमिनीत वाटा नाही. पश्चिमेच्या आदिवासी गावांना तर तो कायदाही लागू नाही. शेजारच्या गोव्यात मात्र, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, मालमत्ता सामाईक आणि निम्मी पत्नीची. घटस्फोटित पत्नीस पतीच्या स्थावरात हिस्सा देऊ पाहणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले; लोकसभेत ते पोहोचून मेले. कोणाच्या जमिनी वाचल्या?

जमीन तिला द्यावयाची तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोटरीच्या शिक्क्याने मालकी फिरत नाही. तेव्हा पोटगीचा आकडा पुकारण्याआधी पंचांनी सातबारा आणि आडत्याच्या पट्ट्या बैठकीत मांडाव्यात, आणि त्या पट्ट्यांतील रकमेत तिचा वाटा किती, यावर प्रथम बोलावे.